प्रो. प्रा. वृषाली तारळेकर

दोघं आत आले तेव्हा मला वाटलं, पासपोर्ट फोटो काढायला आलेत. मे महिन्याची दुपार होती आणि विट्याच्या बाजारपेठेत कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं. दोघांतल्या मोठ्याच्या अंगात पांढराशुभ्र शर्ट. मी त्याला सांगून टाकलं, मागं पडदा पांढरा आहे, पांढऱ्यावर पांढरं चालत नाही, तिथं खुंटीला कोट आहे तो चढवा. माणूस जरा गोंधळला, पण चढवला त्यानं. तो कोट अख्ख्या खानापूर तालुक्यानं घातलेला आहे, तर त्याला काय होतंय. मी त्याला स्टुलावर बसवलं, चष्मा काढायला लावला, हनुवटी खाली घ्यायला लावली आणि दोन फोटो काढलेसुद्धा. मग तो स्टुलावरूनच म्हणाला,

"वृषाली दत्तात्रय तारळेकर कोण?"

"मीच. का?"

"दुकानाच्या मालक तुम्ही?"

"मीच की," मी म्हटलं. हा प्रश्न मला कुणीही विचारावा आणि कितीही वेळा विचारावा असं मला तेव्हा वाटायचं. पाणीपट्टी घ्यायला आलेल्या माणसालासुद्धा मी हे उत्तर तोंडभरून द्यायची.

त्यानं कोट काढला, परत खुंटीला लावला, चष्मा घातला आणि खिशातून ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. नाव हेर्लेकर. कोल्हापूरहून आले होते, कस्टममधून. मला खरं सांगायचं तर हसू आलं. विट्यात कस्टम कशाला येतंय? इथं ना समुद्र ना विमानतळ, इथं आहेत यंत्रमाग आणि गलाईवाले.

गलाईवाल्यांचं सांगायला पाहिजे, कारण सगळं त्यांच्यामुळंच सुरू झालं. आमच्या भागातली अर्धी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. कोइमतूर, मदुराई, कोची, जिथं सराफ बाजार तिथं विट्याचा माणूस. वर्षभर तिकडं भट्टीपुढं बसतात आणि मे महिन्यात लग्नं करायला गावाकडं येतात. येताना पैसा आणतात आणि डोळ्यांत तिकडची लग्नं घेऊन येतात. नवरी पुढं स्पष्ट पाहिजे, मागचे दिवे विरघळल्यासारखे पाहिजेत, रात्रीच्या हळदीत चेहऱ्यावर अंधारातल्या फोटोत येतात तसले दाणे दिसायला नकोत. आमचा जुना कॅमेरा बिचारा दहा वर्षं राबलेला. अंधार पडला की त्याला दिसायचंच नाही, आबांसारखं.

आबा म्हणजे माझे वडील. तारळेकर फोटो हे दुकान त्यांनीच काढलेलं. त्यांना मोतीबिंदू झाला, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण फोकस काही पूर्वीसारखा जमेना. तेव्हापासून लग्नं मी काढायची. मी आणि गिरीशदादा. हा माझा चुलतभाऊ. काका लवकर गेले, काकू माहेरी गेल्या आणि दादा आमच्यातच वाढला, आमच्या ताटात जेवला. मला सख्खा भाऊ नाही आणि मला त्याची कधी उणीव वाटली नाही. दादा बोलण्यात गोड. गिऱ्हाईक तो आणायचा, ठरवाठरवी तो करायचा. फोटो, अल्बम, रात्रीची जागरणं ही माझ्याकडं. मला त्यात काही गैर वाटायचं नाही. ज्याला जे येतं ते त्यानं करावं.

जीएसटी आला तेव्हा दुकानाची नव्यानं नोंदणी करायची होती. आबा एक दिवस जेवताना म्हणाले, वृषाच्या नावावर करू. मी घास हातात धरून बसले. दादा समोर होता, तोही म्हणाला, बरोबर आहे की, काम तीच करते. पेंटरला बोलावून पाटी नवी केली. तारळेकर फोटो, आणि खाली बारीक अक्षरात प्रो. प्रा. वृषाली तारळेकर. आईनं गल्लीत पेढे वाटले. सगळा गाव म्हणायला लागला, दत्तूशेठनं लेकीच्या नावावर दुकान केलं, याला म्हणतात बाप. त्या वर्षी मला दोन चांगली स्थळं आली होती. एक पुण्याचं, एक बेळगावचं. मी दोन्हींना नाही म्हटलं, कारण नवरा तिकडं आणि दुकान इकडं, हे कसं जमायचं. आई चिडली. मी तिला म्हटलं, मालक दुकान सोडून जातो का कधी?

तर कॅमेरा. कोल्हापूरच्या डीलरनं सांगितलेली किंमत ऐकून मी त्याच्याकडंच पाणी मागितलं होतं. मग एक दिवस दादानं मोबाईल माझ्यापुढं धरला. एक साईट होती. तोच कॅमेरा, तीच कंपनी, तेच मॉडेल, आणि किंमत तिसऱ्या हिश्शानं कमी. मला आधी खोटंच वाटलं. दादा म्हणाला, अगं, कारखाना एकच आहे. हा माल दुसऱ्या देशासाठी काढलेला असतो, तिथं स्वस्त असतो, ही माणसं तिकडून आणतात. कॅमेऱ्याला कुठं कळतंय आपण कुठल्या देशात आहोत ते?

मी काही अगदी दूधखुळी नव्हते. मी विचारलं, बिल मिळेल का? कारण पक्कं बिल असलं तर भरलेला टॅक्स आपल्या टॅक्समधून वजा होतो, हे मला माहीत होतं. रिटर्न मीच भरायची. आणि वॉरंटीचं काय? दादा म्हणाला, वॉरंटी आहे की, फक्त कंपनीची नाही, साईटची. बिघडला तर ते दुरुस्त करून देतात. बिलही नंतर पाठवतात. त्याच्या एका मित्रानं घेतलाय, त्याला काही त्रास नाही. तरी मी दोन दिवस घुटमळत होते. शेवटी आबा म्हणाले, गिरीश एवढं म्हणतोय तर घेऊन टाक, वॉरंटी काय चाटायची आहे? आणि त्याच संध्याकाळी आबांनीच काही कागद माझ्यापुढं धरले. वॉरंटीच्या नोंदणीला दुकानाच्या मालकाच्या सह्या लागतात म्हणाले. हळदीच्या ऑर्डरला निघायची घाई, बाहेर रिक्षा उभी. आबा बोट ठेवत गेले, इथं, इथं आणि इथं, आणि मी उभ्या उभ्या सह्या केल्या. बापानं धरलेला कागद वाचून बघायची आमच्यात पद्धत नाही.

कॅमेरा आला. पुस्तिका कुठल्यातरी अगम्य लिपीत, चार्जरची पिन आपल्या भिंतीत न बसणारी. पण हातात धरला आणि मी दादाचे सगळे गुन्हे माफ केले. आबांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दादानं पहिला फोटो माझा काढला, पाटीखाली उभं करून.

दोन महिन्यांत तो बिघडला. लेंगऱ्याला एका गलाईवाल्याच्या मुलीचं लग्न, अंतरपाट धरलेला, भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं आणि माझ्या हातातला कॅमेरा खट्‌ करून गप्प. शटर अडकलं. पिशवीत जुना होता म्हणून अब्रू वाचली. दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलीनं तळाचा नंबर टाईप केला आणि कॅमेरा अगदी अदबीनं परत माझ्याकडं सरकवला. हा आपल्या देशात विकलेलाच नाही, आम्ही हात लावू शकत नाही, म्हणाली. मी म्हटलं, वॉरंटी नको, पैसे घ्या आणि करा. ती म्हणाली, पैशाचा प्रश्न नाही मॅडम, आमच्याकडं हा नंबरच नाही. मी तिथं बरंच भांडले. तिची काही चूक नव्हती, पण कुणाशीतरी भांडायला पाहिजे होतं. मग साईटच्या नंबरवर फोन लावत बसले. घंटा वाजायची, कुणी उचलायचं नाही.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, दे इकडं, मी बघतो. दोन आठवड्यांत कॅमेरा नीट होऊन आला. साईटची माणसं चांगली आहेत, फक्त फोन उचलत नाहीत, म्हणाला. मी त्याला त्या दिवशी खास बासुंदी करून घातली.

आणि आता हेर्लेकर काउंटरच्या पलीकडं उभे राहून मला विचारत होते की तुम्ही परदेशातून कॅमेरे मागवता का?

"एक घेतला," मी म्हटलं. "तो पण इथल्याच साईटवरून. हा बघा."

"एक नाही मॅडम. डझनाच्या वर आहेत. तुमच्या नावावर, तुमच्या दुकानाच्या नंबरावर, तुमच्या सहीच्या अधिकारपत्रावर. कॅमेऱ्याचे जुने सुटे भाग म्हणून पार्सलं आलीत. आत नवे कोरे कॅमेरे. एकावरही ड्युटी भरलेली नाही."

मी म्हटलं, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. ते म्हणाले, घोटाळा झालाय हे खरंच आहे. मग त्यांनी साईटचं नाव सांगितलं. तीच. ही साईट तुमच्याच दुकानाची ना, असं विचारलं. मी म्हटलं, अहो, मी तिथली गिऱ्हाईक आहे, मालक नव्हे. तेव्हा त्यांच्याबरोबरचा दुसरा माणूस म्हणाला, पार्सलं सोडवून घेणाऱ्याचा हा नंबर आहे, ओळखता का? आणि त्यानं आकडे वाचायला सुरुवात केली. पहिले पाच आकडे झाल्यावर पुढचे पाच मीच मनात म्हटले. आमच्या प्रत्येक अल्बमच्या मागं दोन नंबर छापलेले असतात. पहिला माझा, दुसरा गिरीशदादाचा.

मी ओळखत नाही म्हणाले. का म्हणाले, मला आजही नीट सांगता येत नाही. घरातलं माणूस एकदम परक्याच्या हातात द्यायला जीभ वळली नाही, एवढंच. हेर्लेकरांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. माणूस वाईट नव्हता. कॅमेरा ताब्यात घेतला, त्याची पोच दिली, आणि परवा कोल्हापूरला येऊन जबाब द्या, घरचं कुणी मोठं माणूस बरोबर आणा, असं सांगून गेले. माझ्याकडं त्यांचे दोन फोटो तसेच राहिले.

दादाचा फोन बंद होता. सकाळी तासगावला ऑर्डर आहे म्हणून गेला होता. मी शटर ओढलं आणि घरी गेले. वाटेत सगळं जुळत गेलं. मित्रानं घेतलाय म्हणाला होता तो मित्र, न उचलला जाणारा फोन, नीट होऊन आलेला कॅमेरा. मी साईटवर ऑर्डर टाकत होते तेव्हा विकणारा माझ्यासमोर बसून शेंगदाणे खात होता. पण खरं सांगते, तेव्हा मला सगळ्यात जास्त काळजी होती ती आबांची. त्यांना बीपीचा त्रास. पुतण्यावर पोटच्या पोरासारखी माया. हे त्यांना कसं सांगायचं, याचीच मी वाक्यं जुळवत होते.

आई भाकऱ्या थापत होती. आबा जेवायला बसले होते. शेजारच्या शेडमधले माग चालू होते, त्यामुळं आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. मी आबांपुढं बसले. म्हटलं, आबा, तुम्ही घाबरू नका, दुकानात दोन माणसं आली होती, कस्टमची. आबांनी आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता मान वर केली.

"गिरीशचं नाव घेतलंस?"

मला आधी कळलंच नाही त्यांनी काय विचारलं. कसली माणसं, कसलं कस्टम, काय झालं, यातलं काही नाही. मी म्हटलं, नाही घेतलं.

"बरं केलंस," आबा म्हणाले आणि परत जेवायला लागले.

जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली. मग विचारलं, तुम्हाला माहीत होतं? आबा म्हणाले, धंद्यात अशा गोष्टी कराव्या लागतात, गिरीशला चार पैसे मिळत होते, त्याचं लग्न ठरवायचंय, वरचा मजला काढायचाय. कोइमतूरचा एक गलाईवाल्याचा पोरगा आणि तो मिळून करत होते. वाईट काही नाही, चोरीचा माल नाही, नुसता टॅक्स चुकवला, कोण चुकवत नाही?

"पण माझ्या नावावर का, आबा? तुमच्या का नाही? त्याच्या का नाही?"

"मग कुणाच्या करायचं? त्याला जन्मभर इथं धंदा करायचाय. त्याच्या नावाला डाग लागून कसं चालेल?"

"आणि माझ्या?"

आबांनी हात धुतला. शांतपणे, समजूत घातल्यासारखं बोलायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू आज ना उद्या सासरी जाणार. लग्न झालं की तुझं नाव बदलतं, आडनाव बदलतं, गाव बदलतं. मग वृषाली तारळेकर म्हणून त्यांना कोण सापडणार आहे? जाणाऱ्याच्या नावावर जे असतं ते त्याच्याबरोबर जातं, घराला चिकटत नाही. म्हणून तर नोंदणी तुझ्या नावावर केली. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही. एवढा दुनिया बघितलेला माणूस, आणि त्यांना मनापासून वाटत होतं की पोरगी एकदा मांडवातून दुसऱ्या आडनावानं बाहेर पडली की सरकारसुद्धा तिला विसरतं. त्यांना यात लबाडी वाटतच नव्हती. घरातली अडगळ पोरीच्या पेटीत भरून पाठवावी, तसं त्यांनी केलं होतं.

"दुकान कुणाचं आहे, आबा?" मी विचारलं.

"गिरीशचं. अजून कुणाचं असणार? घरात राहणारा तो. तू नावाला आहेस, तुलाही ठाऊक आहे. परवा जायचं, सगळं मीच मागवलं म्हणायचं. बाईमाणूस बघून दंडावर सोडतात. दंड आपण भरू, तुला एक रुपया मागणार नाही."

मी आईकडं बघितलं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, जेवून घे आधी. तिला किती ठाऊक होतं, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, आणि तेच मला नको होतं.

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आला. पाया पडायचाच काय तो बाकी राहिला. म्हणाला, वृषा, मला आत टाकतील गं, तुला नाही टाकणार. मी विचारलं, तू मलाच का विकलास तो कॅमेरा, दुसरी एवढी गिऱ्हाईकं होती की तुझी? तो म्हणाला, तुला पाहिजे होता ना, म्हणून स्वस्तात दिला, तुझ्याकडनं नफा सुद्धा घेतला नाही. हे तो इतक्या खरेपणानं म्हणाला की माझा हात उचलला गेला आणि तसाच खाली आला. मारलं असतं तर त्याला मोकळं वाटलं असतं. मी त्याला दुकानातून जा म्हणाले. तो गेला नाही. काउंटरच्या आत येऊन खुर्चीवर बसला, त्याच्या नेहमीच्या जागी, आणि मीच बाहेर पडले.

कोल्हापूरला आबा माझ्याबरोबर आले. एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. माझ्या मनात सगळं पक्कं ठरलं होतं. त्यांना सांगायचं, कॅमेरे माझे नाहीत, पण दुकान माझं आहे. घरात कुणी काही म्हणो. दुकानात मी राबले, माझ्या हातचे फोटो तालुक्यातल्या निम्म्या भिंतींवर आहेत, पाटीवर नाव माझं आहे. जो काही दंड होईल तो मी माझ्या कमाईतून फेडीन, पण काउंटर सोडणार नाही. आबांनी कशासाठी का दिलं असेना, दिलेलं मी परत देणार नव्हते.

हेर्लेकरांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. मी ठरवलेलं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"मॅडम, दोन्ही एकदम होत नाही. तुम्ही मालक असाल, तर नाव तुमचं, सही तुमची, माल तुमचा. भाऊ, मित्र हे सगळं मग नंतर. आणि तुमचं नाव नुसतं वापरलं असेल, कारभार दुसरंच कुणी बघत असेल, तर तसं स्वतःच्या हातानं लिहून द्या. मग मी त्यांच्याकडं जातो. तुम्हाला मोकळं करता येईल."

म्हणजे सुटायचं असेल तर मी माझ्याच हातानं लिहायचं की दुकान माझं नाही. आणि दुकान पाहिजे असेल तर दादाचं सगळं पाप अंगावर घ्यायचं. त्यांनी परत विचारलं, घाई नाही, नीट विचार करून सांगा, मालक कोण?

मी मालक मीच असं म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. अंगावर घेऊ, जे होईल ते होईल, पण काउंटर माझं. तेवढ्यात आबा खुर्चीतून उठले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मालक हीच आहे, साहेब. दुकान हिचं आहे. गेली कित्येक वर्षं सगळा धंदा हिनंच उभा केलाय, मी तर आंधळा माणूस. हिच्याइतका चांगला फोटो अख्ख्या सांगली जिल्ह्यात कुणी काढत नाही. गिरीश पोटापुरता येतो, हिच्या हाताखाली नोकर आहे तो. सगळं हिच्या हुकमानं चालतं."

हे ऐकायला मी लहानपणापासून आसुसले होते. एका स्पर्धेत माझ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा नाही म्हणाले, पाटी लागली तेव्हा नाही म्हणाले. हिच्याइतका चांगला फोटो कुणी काढत नाही, हे वाक्य आबांच्या तोंडून निघालं ते कस्टमच्या ऑफिसात, पुतण्याला वाचवायला. आवाज अगदी भरून आला होता त्यांचा. मला तिथंच रडू फुटलं, आणि आबांना वाटलं मी मान्य केलं. त्यांनी माझी पाठ थोपटली.

मी डोळे पुसले आणि हेर्लेकरांना म्हटलं, साहेब, कागद द्या.

मी लिहिलं. दुकानाची नोंदणी माझ्या नावावर आहे. मी फक्त नावाला आहे. दुकान माझे वडील आणि चुलतभाऊ गिरीश तारळेकर यांचं आहे. ज्या कागदांवर माझ्या सह्या आहेत ते वडिलांनी वॉरंटीचे म्हणून माझ्यापुढं धरले होते. साईट कुणाची ते लिहिलं, नंबर कुणाचा तेही लिहिलं. खाली सही केली आणि कागद हेर्लेकरांकडं सरकवला. त्यांनी वाचला, आबांकडं बघितलं आणि म्हणाले, काका, तुम्ही जरा थांबा. आबांना आत तासभर बसवून घेतलं. मी बाहेर बाकावर बसले होते.

बाहेर आले तेव्हा ते एकदम म्हातारे दिसत होते. जिना उतरताना माझा हात धरला, कारण पायऱ्या त्यांना नीट दिसत नाहीत. मी धरू दिला. रस्त्यावर आल्यावर म्हणाले,

"मी एवढं बोललो तुझ्यासाठी. तरी असं लिहिलंस?"

"घरी तुम्ही जे सांगितलं तेच लिहिलं, आबा."

स्टँडपर्यंत आम्ही चालत आलो. मग म्हणाले, आता दुकानाचं काय? मी म्हटलं, ते माझं कुठंय, तुमचं तुम्ही बघा. त्यांना ते रागातलं बोलणं वाटलं असावं. पोरी बोलतात तसं. त्यांनी मला चहा घेऊन दिला, स्वतः अर्धाच घेतला.

विट्याची गाडी लागली. आबा गर्दीतून आधी चढले. खिडकीतून मला दिसलं, त्यांनी दोघांची सीट धरली, स्वतः आतल्या बाजूला सरकले आणि माझ्या जागेवर त्यांची पिशवी ठेवली. कुणीतरी बसायला आलं तर त्यांनी हात आडवा केला. लेक येतेय म्हणाले असणार. कंडक्टरनं घंटी मारली, तरी पिशवी तिथंच होती. मी गाडीत चढले नाही.